कागद वाचणारा आणि यंत्र शिकवणारा

सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली निजामकाळची दप्तरे बाहेर निघू लागली. शोध मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदींचा होता. आमच्या जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात चहाच्या टपरीवरही तेव्हा खासरा पत्रक, प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द ऐकू यायचे. कागद हाताशी होते, पण त्यातले बरेच मोडीत नाहीतर उर्दूत. ते वाचणारी माणसे शोधावी लागली. सापडलेली नोंद स्कॅन करायची, तिला गावाचे नाव आणि साल लावायचे, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चढवायची, म्हणजे संगणकाचा जाणकारही हवाच. एकट्याने कोणाचेच भागले नसते.

‘पोरगी इतिहास घ्यायचा म्हणते, पुढे काय करील?’ असे विचारणाऱ्या पालकांनी तो काळ आठवावा. जुने कागद, बोली, लोकगीते, शिलालेख संगणकावर आणून त्यांचा अभ्यास करण्याला आज जगभर डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणतात. हे काम नवे नाही. इटलीतले जेझुइट पाद्री रॉबेर्तो बुसा १९४९ साली आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना जाऊन भेटले. थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांतल्या प्रत्येक शब्दाची सूची त्यांना करायची होती. यंत्रे आयबीएमची, विद्या बुसांची. काम तीसेक वर्षे चालले.

आपल्याकडचे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते, कारण ते जात्यावरचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९६मध्ये ते बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात पोहोचले आणि बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. मंठ्याहून माजलगाव किती दूर? आपल्या आज्यांच्या ओव्याही त्याच घराण्यातल्या. पण लाख ओव्या वह्यांतच राहिल्या असत्या, तर हवी ती ओवी कोणाला सापडली असती? नव्वदच्या दशकाअखेरीस फ्रान्सचे संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल या कामात आले. त्यांनी ओव्यांचा मजकूर, विषयवार नोंदी आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण एका माहितीसंचात बसवले. २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर या ओव्या वाचायला आणि ऐकायला मिळतात. ओवी कोणत्या विषयाखाली लावायची, माहेराच्या की भावाच्या की विठ्ठलाच्या, हे बेल एकटे ठरवू शकले नसते. त्यासाठी बायकांशी बसून बोललेले माणूस लागते.

कागद वाचणारा आणि यंत्र शिकवणारा एकमेकांना नेमके देतात काय? एक नमुना पाहू. जुन्या मराठी पत्रात लिहिलेले असते, ‘सलास खमसैन अलफ’. यंत्राने अक्षरे बिनचूक वाचली तरी हे साल आहे, हे त्याला कळत नाही. इतिहासाची विद्यार्थिनी सांगते : सलास म्हणजे तीन, खमसैन पन्नास, अलफ हजार, शुहूर सन १०५३. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६५२. संगणकवाला म्हणतो, मग याचे कोष्टक करू, सगळ्या पत्रांची साले एका दमात निघतील. ती त्याला थांबवते. शुहूर सन मृगाला बदलतो, त्यामुळे १६५२ आणि १६५३ अशी दोन्ही साले संभवतात; महिना पाहिल्याशिवाय एकच आकडा टाकू नकोस. आणि निजामाच्या मुलखातला कागद असेल तर फसली सन, तिथे ५९०चा हिशोब. एवढे बोलणे झाले नाही, तर हजारो पत्रे झटक्यात चुकीच्या सालात जाऊन बसतील आणि पुढचा प्रत्येक संशोधक ती चूक उचलत राहील.

मोडीत तर पावलोपावली असे आहे. रेघ आधी ओढलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मोडीचे श्रेय परंपरेने हेमाडपंतांना देतात आणि आपल्या तालुक्यातले हेलस हे त्यांचे गाव मानतात. या लिपीवर मंठेकरांचा थोडा हक्क धरायला हरकत नाही. २०१४मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. रुरकीची आयआयटी आणि पुण्याचे सीओईपी यांतल्या संशोधकांनी २०२५मध्ये मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर असा संच मांडला. मोडीवरून देवनागरी करायला यंत्र शिकते ते अशा संचावर. त्यातले लिप्यंतर आधी जाणकार माणसाने करावे आणि तपासावे लागते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडात बांधलेल्या कागदांचे हजारो रुमाल आहेत. ते वाचायला माणसे अपुरी आहेत, आणि माणसांशिवाय यंत्रही अपुरे आहे.

आता तुमच्या घरातल्या प्रश्नाकडे वळू.

मुलगा किंवा मुलगी कला शाखेत असेल तर इतिहास, मराठी, उर्दू, भाषाविज्ञान यांपैकी एक विषय खोल शिकू द्या आणि पहिल्या वर्षापासून संगणकाची जोड द्या. इनस्क्रिप्टने युनिकोड टंकलेखन, एक्सेलमध्ये नीट रकाने, फायलींना शिस्तीत नावे, मग थोडे पायथन. यासाठी महागडा क्लास लागत नाही. मोडीसाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रशिक्षण वर्ग घेते. उर्दू माध्यमातल्या मुलांना मी मुद्दाम सांगेन : निजामकाळचा कागद वाचण्यात तुमची अर्धी वाट आधीच चालून झालेली आहे. मोडीही शिकलात, तर मराठवाड्यात तुमच्या तोडीची माणसे मोजकी असतील.

अभियांत्रिकीला गेलेल्यांनी प्रकल्पासाठी तीच ती हजेरीची ॲप करण्यापेक्षा एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकांकडे जावे आणि त्यांची अडचण विचारावी. पहिल्या भेटीत फक्त ऐकावे.

पुढच्या शिक्षणाला छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आणि पुरातत्त्व शिकता येते. जोधपूरच्या आयआयटीत डिजिटल ह्युमॅनिटीजचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षी त्यांच्या संकेतस्थळावर पाहाव्यात, कोणा एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत.

पगाराचे खरे सांगतो. यातली बरीच कामे प्रकल्पाची, कंत्राटी असतात. निधी संपला की नवे काम शोधावे लागते. कायमच्या जागा थोड्या. म्हणून घरची ओढाताण असेल तर सेट-नेट, ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा बीएड अशी एक पक्की बाजू सोबत ठेवावी. दुसरीकडे, मराठी ऐकणारी-बोलणारी यंत्रे घडवण्याचे काम वाढते आहे. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना २०२२पासून चालू आहे आणि अशा कामाला बोली ओळखणारी, मजकूर तपासणारी माणसे लागतात. परतूर-मंठ्याकडची बोली कानावर घेऊन वाढलेल्या मुलाला ती पुण्यात जाऊन शिकावी लागत नाही.

पालकांना एक विनंती आहे. बारावीच्या निकालानंतर शाखेवरून घरात वाद घालण्याआधी मुलाला एक काम सांगा : आजीच्या पाच ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित कर, युनिकोडमध्ये जशाच्या तशा उतरव आणि प्रत्येकीपुढे गायिकेचे नाव, गाव, तारीख लिही. नोंदी करताना त्याचे मन रमले की संगणकाशी खटपट करताना, ते जवळ बसून पाहा आणि मग अर्ज भरा.