शेअरचा भाव ठरवतो कोण?

नायगावच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव कसा निघतो, हे आमच्या व्यापारी बांधवांना सांगावे लागत नाही. आवक कमी आणि घेणारे जास्त असले की भाव चढतो. माल पडून राहिला की उतरतो. परंतु मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा भाव मात्र कुठल्याशा जादूने ठरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. अलीकडे शिलाईकाम, सुतारकाम करणारे बांधवही मोबाईलवरून शेअर घेऊ लागले आहेत, म्हणून हा विषय घेत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बाजारातून शेअर घेतल्यास आपला पैसा कंपनीला जात नाही. कंपनी स्वतः नवे शेअर विक्रीस काढते तेव्हाच तिला रक्कम मिळते. त्यानंतरचा सौदा एका भागधारकाचा दुसऱ्याशी होतो. समजा, कोणी १०० रुपयांनी २०० शेअर विकायला लावले आहेत आणि दुसऱ्याने १०२ रुपयांनी ३००. आपणास ताबडतोब २५० हवे आहेत. मग २०० शंभराने मिळतील, उरलेले ५० एकशेदोनने, आणि पडद्यावर भाव दिसेल १०२. कंपनीच्या कारखान्यात तेवढ्या वेळात काहीच बदललेले नसते! ज्या शेअरची रोजची उलाढाल थोडी, त्याचा भाव थोड्या पैशानेही हलवता येतो तो असा.

मग नफ्याचा काही संबंध नाही काय? आहे, पण आजच्यापेक्षा उद्याच्या नफ्याचा. कंपनीचा नफा वाढूनही भाव पडतो, कारण बाजाराने त्याहून अधिक नफा गृहीत धरून भाव आधीच चढवलेला असतो.

हा अंदाज उधारीच्या पैशावर चढला तर काय होते, ते १९९२ साली देशाने पाहिले. हर्षद मेहता या दलालाचे म्हणणे असे की, एसीसीसारखा सिमेंटचा कारखाना आज नव्याने उभारायला जेवढा खर्च येईल, तेवढी त्या कंपनीची किंमत धरावी. एसीसीचा शेअर सुमारे २०० रुपयांवरून ९,००० च्या घरात गेला. सिमेंट मात्र त्या पटीत खपत नव्हते. सरकारी रोख्यांच्या व्यवहारासाठी म्हणून बँकांकडून घेतलेला पैसा शेअरांत फिरत होता. २२ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर होता. दुसऱ्याच दिवशी पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी छापून आली. बँकांचा पैसा आटला, घेणारे हटले आणि वर्षभरात सेन्सेक्स निम्म्याच्याही खाली आला.

शेअर घेणे जायज की नाही, हे कंपनीचा धंदा कोणता आणि तिच्यावर व्याजी कर्ज किती यावर पाहिले जाते. तो मसला आलिमांना विचारावा. आम्ही येथे फक्त हिशेबाचे बोलत आहोत.

लहान कंपनीच्या शेअरची ‘खबर’ मोबाईलवर येते तेव्हा एक गोष्ट जरूर पाहावी: रोज किती शेअर विकले जातात? अनेक शेअरांच्या चढउताराला दिवसाची मर्यादा असते. ती ५ टक्के असेल, तर १०० चा शेअर पहिल्या दिवशी ९५ च्या खाली जात नाही, दुसऱ्या दिवशी ९०.२५ च्या. पण त्या भावालाही घेणारा नसेल, तर विक्रीचा हुकूम देऊन नुसते बसावे लागते. इकडे नव्या शिलाई मशीनसाठी ठेवलेली रक्कम त्यातच अडकलेली असते.