मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका



आपल्या बेळगाव परिसरातील घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकल्यावर ऑपरेशन करू.’ या एका शब्दापायी कितीतरी आजी-आजोबा वर्षानुवर्षे धुक्यात वावरतात. म्हणून या अंकात आम्ही मोतीबिंदूचा धडा घेत आहोत. मुलांनी तो वाचावा आणि घरी मोठ्यांना वाचून दाखवावा.

मोतीबिंदू म्हणजे काय?

डोळ्याच्या बाहुलीच्या मागे एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. वयानुसार त्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होते. हाच मोतीबिंदू. डोळ्यावर वरून आलेली ती साय नव्हे. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर पुन्हा पारदर्शक होत नाही, तसेच हे भिंगही पुन्हा स्वच्छ होत नाही. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब, गोळी किंवा अंजन आजही उपलब्ध नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

धूसर दिसणे, समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपणे, रंग फिके-पिवळट वाटणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे ही त्याची लक्षणे. काहींना मध्येच चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते. घरचे म्हणतात, ‘नजर सुधारली!’ प्रत्यक्षात बऱ्याचदा तेही मोतीबिंदूचेच लक्षण असते.

‘पिकणे’ कोठून आले?

पूर्वी शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून टाकत, पण त्याच्या जागी दुसरे बसवत नसत. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. मोठी जखम, टाके आणि कित्येक दिवस न हलता पडून राहणे, असा तो प्रकार होता. म्हणून नजर जवळजवळ जाईपर्यंत थांबणे त्या काळी शहाणपणाचे ठरे. उत्तर कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांनी गावोगाव नेत्रशिबिरे भरवून असंख्य लोकांना दृष्टी दिली. त्या काळातील शिबिरांच्या आठवणी ज्यांच्या मनात आहेत, त्यांची भीती समजण्यासारखी आहे.

पण शास्त्र पुढे गेले. १९४९ साली लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले. १९६७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची पद्धत काढली. तिलाच ‘फेको’ म्हणतात. लोक तिला ‘लेसरचे ऑपरेशन’ म्हणतात, पण तिच्यात लेसर नसतो. सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होते आणि बहुधा टाका लागत नाही. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ‘ऑरोलॅब’मध्ये भिंगे बनू लागली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आली.

आज नियम साधा आहे. वाचन, स्वयंपाक, रस्ता ओलांडणे, जिना उतरणे अडू लागले की वेळ झाली. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो, शस्त्रक्रिया अवघड होते, कधी डोळ्यातील दाबही वाढतो. ‘थंडीतच करायचे’ हाही जुना समज आहे. आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. घरात आजोबांचे ऑपरेशन आधी होते आणि ‘मला कुठे वाचायचे आहे’ म्हणणाऱ्या आजीचे मागे राहते. चुलीजवळ आणि जिन्यावर तिलाही नजर लागतेच.

ऑपरेशनपूर्वी

१. मधुमेह, रक्तदाब, दमा, ॲलर्जी आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगा. लघवीच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेत असल्यास, किंवा पूर्वी घेतले असल्यास, आवर्जून सांगा. त्याने बाहुली नीट मोठी होत नाही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

२. डोळ्याची लांबी मोजून भिंगाचा नंबर ठरवतात. साध्या भिंगाने बहुधा लांबचे स्वच्छ दिसते आणि वाचायला चष्मा लागतो. महागड्या बहुकेंद्री भिंगाने चष्मा कमी लागतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. महाग म्हणजे चांगले असे समीकरण नाही. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते.

३. पडदा मधुमेहाने खराब झाला असेल किंवा काचबिंदूने शीर सुकली असेल, तर ती गेलेली नजर या शस्त्रक्रियेने परत येत नाही. ‘किती दिसेल?’ हे आधीच विचारा.

४. संमतीपत्र कानडीत किंवा इंग्रजीत असू शकते. आजीला ते मराठीत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा किंवा सही घेऊ देऊ नका. हे काम आपले हायस्कूलचे विद्यार्थीही करू शकतात.

त्या दिवशी

थेंब किंवा इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात. रुग्ण जागा असतो. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. खोकला आला तर आधी सांगावे, डोके हलवू नये. डोक्यावरून अंघोळ आधीच उरकावी, कारण नंतर काही दिवस ती बंद असते. भिंगाची माहिती असलेले कार्ड कायम जपून ठेवावे.

घरी आल्यावर

ऑपरेशन डॉक्टर करतात, पण पुढचे चार ते सहा आठवडे डोळा घरच्यांच्या हाती असतो. दुसऱ्या आठवड्यात छान दिसू लागते आणि थेंब बंद केले जातात. ही चूक करू नका. थेंब ठरल्याप्रमाणे हळूहळूच कमी करायचे असतात.

थेंब घालण्यापूर्वी साबणाने हात धुवा. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवा. डोळा चोळू नका. झोपताना प्लास्टिकची झाकणी लावा. डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोळ्यात पाणी, धूर, धूळ जाऊ देऊ नका. काजळ, मध, गुलाबपाणी, एरंडेल यांतले काहीही घालू नका.

दुखणे किंवा लाली वाढणे, नजर कमी होणे, पू येणे, विजेसारखे चमकणे, काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण तेव्हा तासांनाही किंमत असते.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजू नका. बहुधा भिंगामागील पातळ आवरण गढूळ झालेले असते. ते लेसरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

स्वाध्याय

१. येत्या रविवारी घरातील आजी-आजोबांना भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर दहा पावलांवर बसवा. चष्मा असल्यास तो घालू द्या. एकेक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला सांगा. दोन्ही डोळ्यांनी पाहताना एका डोळ्याची कमतरता लक्षात येत नाही, म्हणून हा प्रयोग. फरक आढळल्यास पालकांना सांगा आणि डॉक्टरांकडे न्या.

२. कोणाचे ऑपरेशन झाले असेल तर चौकटीच्या वहीच्या पानावर थेंबांचे वेळापत्रक आखा : औषधाचे नाव, वेळ आणि थेंब घातल्यावर खूण. ते स्वयंपाकघरात चिकटवा आणि पान संपेपर्यंत खुणा तुम्हीच करा.