नव्याचा सण : सातव्या महिन्याचा पहिला दिवस



लेवीय 23 मधील सणांपैकी या वेळी सातव्या महिन्याचा पहिला दिवस अभ्यासाला घेतला आहे. यहुदी लोक त्याला रोश हशाना म्हणजे वर्षाचा माथा म्हणतात. हा दिवस निवडण्यामागे माझी एक जुनी चूक आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरत असताना, आर्वीकडच्या एका पाड्यावर मी उपासनेला गेलो होतो. आमच्या मंडळीतील एक वयस्क गोंड बाई, सगळे त्यांना माय म्हणतात, टोपली घेऊन आल्या. टोपलीत मक्याची कोवळी कणसे आणि मुगाच्या शेंगा होत्या. म्हणाल्या, “गुरुजी, नवं हाय. देवापुढं ठेवल्याबिगर आमी खात नाई.” मी म्हटले, “माय, ही जुनी रीत झाली, आता सोडायला पाहिजे.” त्या काही बोलल्या नाहीत. टोपली उचलून घरी गेल्या आणि पुढचे दोन महिने उपासनेला आल्या नाहीत.

आता शास्त्राकडे वळू. लेवीय 23:23-25 आणि गणना 29:1 ही वचने काढून ठेवा. या दिवसाबद्दल तिथे फार थोडे लिहिले आहे: काम बंद, पवित्र मेळा, अर्पण आणि शिंगांचा नाद. नाद कशासाठी, ते सांगितलेले नाही. निर्गम 12 प्रमाणे वर्षाचा पहिला महिना वल्हांडणाचा, मग सातव्या महिन्यात नवे वर्ष कसे? आपल्याकडेही चैत्रात गुढी उभारतात आणि व्यापारी चोपड्या दिवाळीला बदलतात. तसेच हे समजा. यहुदी महिना अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे हा दिवस पुष्कळदा घटस्थापनेच्या आसपास येतो. 2024 साली दोन्ही 3 ऑक्टोबरलाच आले.

सभास्थानात या दिवशी मेंढ्याचे शिंग, शोफार, फुंकतात. एक लांब सूर, मग तुटक हुंदक्यांसारखे सूर, मग थरथरते बारीक सूर. एकंदर शंभर वेळा फुंकण्याची चाल आहे. शब्बाथ पडला तर त्या दिवशी फुंकत नाहीत. मैमोनिदेस या 12व्या शतकातील यहुदी गुरूंनी त्याचा अर्थ असा लावला की झोपलेल्या मनाला जागे करण्यासाठी हा नाद आहे. पहिल्या दिवशी इसहाकाच्या जन्माचा व हन्नेच्या प्रार्थनेचा भाग वाचतात, दुसऱ्या दिवशी उत्पत्ती 22. दुपारनंतर नदीकाठी किंवा समुद्रकाठी जाऊन मीखा 7:19 ला धरून पापे पाण्यात टाकल्याची प्रार्थना करतात. सफरचंद मधात बुडवून खातात, कारण येणारे वर्ष गोड जावे. तिथून दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा दिवस.

हे सगळे पुस्तकात सापडते. मला विचारात पाडले ते आपल्याच महाराष्ट्रातील बेने इस्राएल लोकांनी. कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ बुडाले. तोंडात राहिली ती शमा, म्हणजे देव एकच आहे ही कबुली. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ नियमशास्त्राची गुंडाळी नव्हती, हिब्रू वाचणारा नव्हता. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान झाले ते 1796 साली. पुढे 1832 मध्ये स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, त्याचाही त्यांना उपयोग झाला.

पण सण त्याआधीही होते, आणि त्यांना नावे मराठी होती! प्रायश्चित्ताच्या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. त्याचा दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी गरिबांना दान देत आणि एकमेकांच्या घरी जात. आणि सातव्या महिन्याचा पहिला दिवस म्हणजे नव्याचा सण. त्याच महिन्यात खिरीचा सण येई. नव्या तांदळाची खीर नारळाच्या रसात गोड करून शिजवायची, उदाचा धूर द्यायचा, शमा म्हणायची, मग खायची. ही माहिती हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. ते पुस्तक छापून निघाले 1937 साली, तेल अवीवमध्ये.

नव्याचा सण म्हणजे नव्या वर्षाचा, असा अर्थ सर्वजण करतात आणि तो बरोबरच आहे. तरी भात पिकवणाऱ्या कोकणातल्या माणसाला भाद्रपद-आश्विनात ‘नवे’ म्हटले की आधी नवे धान्य आठवणार, असे मला वाटते. पुस्तक हातात नसलेल्या लोकांनी तो दिवस धान्याच्या आणि खिरीच्या आधाराने धरून ठेवला असेल, तर त्यांना नावे ठेवणारा मी कोण?

शिवाय नवे धान्य आधी देवाचे, ही गोष्ट शास्त्रातही आहे. लेवीय 23:14 पाहा, पेंढी देवापुढे नेईपर्यंत नवे खायला मनाई आहे. (ती आज्ञा वल्हांडणाच्या हंगामातली आहे, सातव्या महिन्याची नव्हे. हे दोन मिसळू नका.) अनुवाद 26 मध्ये तर चक्क टोपली आहे. शेतकरी प्रथमफळांची टोपली याजकाच्या हाती देतो, आपला बाप भटका होता हे कबूल करतो, आणि मग लेवी व परदेशी यांच्यासह आनंद करतो. हा अध्याय मी कितीदा शिकवला असेल! तरी दारात टोपली आली तेव्हा ओळखली नाही.

नहेम्या 8 हा अध्याय घरी सावकाश वाचा. तोही सातव्या महिन्याचा पहिलाच दिवस. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांना अर्थ समजावून देतात, आणि लोक रडू लागतात. त्यांना सांगितले जाते की रडू नका, चांगलेचुंगले खा, गोड प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटा पाठवा. शिंगाचा तिथे उल्लेख नाही, वाट्याचा मात्र आहे.

आपल्या जिल्ह्याचाही या दिवसाशी एक संबंध आहे. 1 सप्टेंबर 1939 रोजी गांधीजींनी मुंबईच्या यहुदी संघटनेचे प्रमुख ए. ई. शोहेट यांना नववर्षाच्या शुभेच्छांचे पत्र लिहिले. तेव्हा त्यांचा मुक्काम सेगाव, म्हणजे आजच्या सेवाग्रामला होता. त्या वर्षी हा सण 14 सप्टेंबरला होता. या छळलेल्या लोकांना नवे वर्ष शांतीचे जावो, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

गेल्या भाद्रपदात मी मायच्या घरी गेलो आणि अनुवाद 26 त्यांना वाचून दाखवला. त्यांनी परत एकदा वाचायला लावला. मग विचारले, “त्यायच्यात टोपली कोन उचलत होतं, गडी का बाई?” मला सांगता आले नाही. पुढच्या रविवारी कणसे आली, एक नव्हे, सहा घरांतून. अंगणात चूल मांडून मक्याची खीर केली, आणि पहिला डबा माय स्वतः घेऊन गेल्या, पाड्याच्या टोकाला, जिथे त्या वर्षी सगळे पीक रानडुकरांनी खाल्ले होते त्या घरी.