ग्रंथालयांचे सहकार्य आणि होतकरू उमेदवार

नोकरीच्या शोधातील तरुणाला गावच्या वाचनालयात प्रथम हवी असते ती जाहिरात, आणि तीही अर्जाची मुदत संपण्यापूर्वी. मुदतीनंतर हाती आलेला ‘रोजगार समाचार’चा अंक त्याच्या लेखी रद्दीच होय.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ हा १ मे १९६८ पासून अमलात आला. शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. मात्र ही ग्रंथालये बहुतांशी स्वतंत्र संस्थांची. प्रत्येकीची खरेदी निराळी. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेणे जड जाते, आणि अभ्यासक्रम बदलताच ती निरुपयोगी होतात. तालुक्यातील चार ग्रंथालयांनी विषय वाटून घेतले, एकाने राज्यघटना व इतिहास, दुसऱ्याने गणित व बुद्धिमत्ता, आणि दरमहा पेट्यांची अदलाबदल केली, तर तेवढ्याच खर्चात प्रत्येक गावी अधिक पुस्तके पोहोचतील. ही कल्पना काही नवी नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. त्या योजनेत फिरत्या पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात असत.

जाहिरातीला मात्र पेटीची वाट पाहून चालत नाही. पद, पात्रता, वयोमर्यादा व अंतिम दिनांक यांची यादी जिल्हा ग्रंथालयाने मोबाइलवरून धाडावी आणि गावच्या ग्रंथपालाने ती त्याच दिवशी फलकावर लावावी. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई कोणी करावयाची, हे पेट्या निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घेतलेले बरे.