एका संगणकांत दोन प्रणाली : बिघाड व दुरुस्ती

भुसावळकडून जळगांव स्थानकांत आलेल्या गाडीस पुढें दोन वाटा मिळतात. एक चाळीसगांव-मनमाडवरून मुंबईस जाते, दुसरी अमळनेर-नंदुरबारवरून सुरतेस. गाडी कोणत्या रुळावर घ्यावयाची हें सांध्यावर ठरतें. ज्या संगणकांत विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणाली नांदतात, तेथें सांधेवाल्याचें काम ‘ग्रब’ नांवाचा लहानसा प्रोग्राम करितो. तो दोन्ही नांवें पडद्यावर मांडतो व आपण निवडूं त्या प्रणालीकडे वाट वळवितो.

विंडोज १० चें नेहमींचें पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. तेव्हां जुना संगणक टाकून न देतां त्यांत लिनक्सहि घालावें, हा विचार योग्यच होय. परंतु त्यासाठीं डिस्कवर जागा करावी लागते, व बिघाड बहुधा तेथेंच होतो.

धुळ्याकडील एखाद्या कपाशीच्या शेताची दोन भावांत वाटणी झाली, म्हणजे बांध पडतो आणि सात-बाराच्या उताऱ्यावर नोंद होते. डिस्कच्या भागांस पार्टिशन म्हणतात, व प्रत्येकाच्या सीमेची नोंद एका तक्त्यांत असते. जुन्या पद्धतींत हा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असून त्यांत चारच मुख्य नोंदी मावतात. नव्या जीपीटी पद्धतींत त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटींहि असते. ग्रबचा आरंभींचा भाग एका जागीं व उरलेला बहुधा लिनक्सच्या पार्टिशनांत राहतो. कोणी पार्टिशन पुसलें किंवा नव्यानें पाडलें, कीं पहिल्या भागास दुसरा सांपडेनासा होतो आणि पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ हीं अक्षरें उमटतात.

विद्यार्थिमित्रांनो, येथें घाबरूं नये. उताऱ्यावरील नोंद चुकल्यानें शेतांतील पीक जळत नाहीं. तुमचे निबंध, छायाचित्रें व घरचे हिशेब बहुधा जागच्या जागीं असतात. त्यांचा नाश होतो तो घाईनें केलेल्या ‘फॉरमॅट’मुळें. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा :

(१) डिस्कवर कांहींहि नवें लिहूं नये. ‘फॉरमॅट करूं का ?’ असें यंत्रानें विचारल्यास नकार द्यावा.

(२) लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. मात्र ‘इन्स्टॉल’ निवडूं नये.

(३) पार्टिशनें दिसत असल्यास महत्त्वाच्या फायली प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या. विंडोजचा भाग बिटलॉकरनें बंद असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली लागेल.

(४) पार्टिशनच नाहींसें झालें असल्यास ‘टेस्टडिस्क’ हें मोफत साधन हरवलेल्या सीमा शोधतें. आंतील फायली दिसल्यावरच तक्ता लिहूं द्यावा.

(५) लिनक्सचें पार्टिशन माउंट करून, त्यास डेव्ह, प्रॉक व सिस या निर्देशिका जोडून, ‘सीएचरूट’ आज्ञेनें आंत शिरावें. नव्या यंत्रांत ईएफआय पार्टिशनहि जोडावें. मग उबुंटूसारख्या लिनक्सांत ‘ग्रब-इन्स्टॉल’नें ग्रब पुन्हां बसवावें व ‘अपडेट-ग्रब’नें यादी नवी करावी. यादींत विंडोज न आल्यास ‘ओएस-प्रोबर’ चालू करावा. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ आवृत्तीपासून तो मुळांत बंद ठेवलेला असतो.

(६) ‘एफस्टॅब’ फायलींतील ओळखक्रमांक सध्यांच्या पार्टिशनांशीं ताडून पाहावे; जुना क्रमांक राहिल्यास लिनक्स सुरू होतां होतां अडून बसतें.

यांत तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. ती साधली, तर पुढील पायऱ्या एकदां फसल्या तरी पुन्हां करितां येतात. ती गाळली, तर एका चुकीच्या आज्ञेनें वर्षांचें काम जातें. पालकांनीं मुलांस असे प्रयोग जरूर करूं द्यावे. मात्र डिस्कला हात लावण्यापूर्वीं घरच्या फायलींची एक प्रत वेगळी काढून ठेवलेली आहे, एवढें स्वतः पाहावें. बांध केव्हांहि पुन्हां घालतां येतो. गेलेलें पीक परत येत नाहीं.