बरगड्यांचे काटे

साळिंदराचे काटे अंगावर असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मी आज ज्या प्राण्याची माहिती सांगणार आहे, त्याचे काटे अंगाच्या आत असतात. त्याच्या बरगड्या हेच त्याचे काटे!

या प्राण्याला बरगडीवाला न्यूट म्हणतात. तो स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को या देशांतल्या तळ्यांत, डबक्यांत राहतो. दिसायला पालीसारखा, पण आहे बेडकाच्या गोतातला, म्हणजे उभयचर. मोठा न्यूट आपल्या दप्तरातल्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीएवढा भरतो.

शत्रूने धरलं की तो बरगड्या पुढे फिरवतो. त्यांची टोकं त्याचीच कातडी फाडून दोन्ही कुशींतून बाहेर येतात. त्याच वेळी अंगातून विषारी चीक पाझरतो. शत्रूच्या तोंडाला काटे टोचतात आणि विषही लागतं. व्हिएन्ना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांनी फोटो काढून २००९ साली हे दाखवून दिलं. न्यूटच्या स्वतःच्या जखमा मात्र लवकर भरून येतात. आहे की नाही नवल?

तो आपण होऊन कुणाला टोचत नाही. पण तळीच बुजली किंवा घाण झाली, तर हे काटे काय कामाचे? म्हणून मला वाटतं, पाणी राखलं तरच असे जीव राहतील.