वनस्पती, औषध आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

‘झाडपाल्याचे औषध निदान अपाय तरी करीत नाही,’ असे आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरे, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

टांझानियात आपल्या आवळ्याच्या नात्यातले ‘फायलँथस एंगलेरी’ हे झाड आढळते. त्यातून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2009 साली ‘एंगलेरिन ए’ हे द्रव्य वेगळे केले. प्रयोगशाळेत त्याच्या अत्यल्प मात्रेनेही मूत्रपिंडाच्या कर्करोगपेशी मेल्या. इतर बहुतेक कर्करोगांच्या पेशींना तेवढी बाधा झाली नाही. साहजिकच आशा वाढली.

2015 साली कारण उलगडले. हे द्रव्य पेशीच्या आवरणातील विशिष्ट दारे उघडते; सोडियम व कॅल्शियम आत घुसतात आणि पेशी मरते. परंतु तशीच दारे निरोगी शरीरात, अगदी मेंदूतही असतात. उंदरांना हे द्रव्य टोचले तेव्हा उंदीरच दगावले! म्हणून ते अजून रुग्णाचे औषध झालेले नाही.

दुसरे उदाहरण बेल्जियमचे. वजन उतरवण्याच्या वनौषधींतील अॅरिस्टोलोकिक आम्लामुळे स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे 1993 साली प्रसिद्ध झाले. पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

म्हणून विद्यार्थ्यांनी अशी बातमी वाचताना विचारावे : प्रयोग पेशींवर झाला, प्राण्यांवर, की माणसांवर? आवळा किंवा भुईआवळा त्याच नात्यातला, एवढ्यावरून तो कर्करोग बरा करतो असे ठरत नाही. लघवीतून रक्त गेल्यास, दुखत नसले तरी, काढ्यात दिवस घालवू नयेत. त्वरित रुग्णालयात तपासणी करावी, अशी आम्ही सर्वांना कळकळीची विनंती करतो.